विचारा की! : सुरमई, सुकट आणि केराटिन

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता मी मास स्पेक्ट्रोमीटरचं नाव काढलं, प्रोटीनचे तुकडे करून त्यांची वजनं घेणारं मशीन एवढंच लिहिलं होतं, तर त्यावरच इतके प्रश्न आलेत की या वेळी आंब्याचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले (तुडतुडेवाल्यांनो, पुढच्या महिन्यात नक्की). होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, पाऊस लागलेला, लोकांना लिहायला सवड आहे असं दिसतंय. मी अशा मशीनच्या शेजारी बरीच वर्षं काढलीत, आता रत्नागिरीत घरी असते, तेव्हा येतं तेवढं सांगते. पत्रं थोडी कापून छापलीत, राग मानू नका.

प्रश्न : आमची खानावळ आहे. मे महिन्यात एक गिऱ्हाईक भर पंगतीत भांडून गेलं, म्हणे ही सुरमईच नव्हे. मासेवाली म्हणते सुरमईच. ह्यो मासो खयचो ता मशीन सांगता काय? तुकडी तळलेली असली तरी?
(खानावळवाल्या वाचक, मालवण)

सांगता, पण थेट नाय. मशीनला मासा कळत नाही, त्याला फक्त वजनं कळतात आणि त्या वजनांवरून नाव आपण ठेवायचं असतं, ते कसं ते बघा.

तुकडीतला नखाएवढा मांसाचा भाग घ्यायचा, त्यातली प्रोटीन्स विरघळवायची आणि त्यात ट्रिप्सिन घालून रात्रभर ३७ डिग्रीला ठेवून द्यायचं. ट्रिप्सिन म्हणजे आपण खाल्लेला मासा आतड्यात पचवणारं जे एन्झाइम असतं तेच. प्रोटीन ही माळ समजा, वीस प्रकारच्या मण्यांची, आणि ट्रिप्सिनची खोड अशी की ते लायसिन आणि आर्जिनिन या दोनच मण्यांच्या पुढे कापतं (त्यांच्यामागे प्रोलिन लागून आलं तर बहुतेक वेळा तेही सोडून देतं). त्यामुळे एका प्रोटीनचे तुकडे दर वेळी तेच पडतात, आज कापा नाहीतर दिवाळीत कापा. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात आणि मशीन वजन घेतं ते यांचं.

माशाच्या मांसात पार्व्हाल्ब्युमिन नावाचं एक छोटं प्रोटीन असतं, साधारण १२ किलोडाल्टनचं (डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूएवढं वजन, किलोडाल्टन म्हणजे असे हजार), माळेत शंभरावर थोडे मणी. हे फार चिवट. मांसाचा रस ७० डिग्रीपर्यंत गरम केला की बाकीची बरीचशी प्रोटीन्स नासलेल्या दुधासारखी फुटून खाली बसतात, हे मात्र वरच्या पाण्यात तसंच राहतं, म्हणून लॅबवाले मुद्दाम गरम करून गाळून घेतात आणि वरच्या निवळीत हे जवळजवळ एकटं मिळतं. माशाच्या कढीत हेच उतरलेलं असतं, म्हणून ज्याला माशाची ॲलर्जी आहे त्याला नुसता रस्सासुद्धा बाधतो. आता समजा सुरमईच्या माळेत एका जागी ग्लायसिन आहे आणि तिच्या भावकीतल्या दुसऱ्या माशात त्याच जागी ॲलनिन आहे, तर तेवढ्या तुकड्याचं वजन १४ डाल्टनने सरकतं. १४ डाल्टनचा फरक म्हणजे या मशीनला, तुमच्या तागडीत कुणी नारळ टाकावा तेवढा मोठा.

तळलेली चालेल, पण रवा काढून. रव्यात गव्हाचं ग्लूटेन असतं आणि ते मशीनला माशाइतकंच ठळक दिसतं, मसाल्याचंही तेच, तेव्हा मणक्याजवळचा आतला पांढरा भाग द्यायचा.

पण खरं सांगू का, तुमच्या भांडणासाठी मी हे मशीन नाही सुचवणार. नुसती जात ओळखायची तर डीएनए बारकोडिंग म्हणून प्रकार आहे, त्यात एका जीनचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा भाग वाचतात, ते स्वस्त पडतं. डबाबंद माशात वगैरे डीएनएचा पार भुगा झालेला असतो, तिथे पेप्टाइड कामाला येतात. आणि दोन्हीकडे अडचण एकच, जुळवून बघायला खात्रीची सुरमई आधी यादीत असायला हवी. म्हणून सीझन सुरू झाला की मासा घेताना मुंडक्यासकट फोटो काढा आणि एक तुकडी नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये टाका. गिऱ्हाईक तावातावाने आलं की आधी मुंडकं दाखवा, मशीनचं नंतर बघू.

प्रश्न : ताई, तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) मांसातलं एक प्रोटीन जेलवर २५ किलोडाल्टनला मस्त दिसत होतं. बँड कापून बाहेर टेस्टिंगला पाठवला तर रिझल्टमध्ये पहिल्या नंबरला ‘केराटिन, ह्यूमन’. गाईड म्हणतात सँपल वाया गेलं. दुसऱ्या नंबरला कुठल्यातरी परदेशी कालवाचं प्रोटीन आलंय. ते माझं समजू का?
(एम.एस्सी. बायोटेकची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

(बाकीच्यांसाठी : जेल म्हणजे प्रोटीन्स आकाराप्रमाणे वेगळी करणारा लिबलिबीत थर, बँड म्हणजे त्यावर दिसणारा एका प्रोटीनचा पट्टा, आणि केराटिन म्हणजे केस, कातडी, लोकर यांतलं प्रोटीन.) केराटिन आलं म्हणून रडत बसू नकोस, या लाइनमधल्या प्रत्येकाच्या वहीत एक केराटिनचं पान असतंच. माझं सांगते. मशीनच्या खोलीत एसी असा की दात वाजायचे, मी पडले कोकणातली, मला थंडी सोसत नाही, म्हणून आईने विणलेला लोकरीचा स्वेटर घालून बँड कापायला बसायचे. तीन आठवडे काम करून रिझल्ट आला तो मेंढीचं केराटिन. सर काही बोलले नाहीत, नुसते स्वेटरकडे बघत राहिले. माणसाचं आलं असतं तर निदान कुणाचं म्हणून वाद तरी घालता आला असता, मेंढी त्या लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणीच आणलेली नव्हती.

तुझ्या बाबतीत एक गोष्ट बघ, तुझा बँड २५ ला आहे आणि माणसाच्या कातडीतली केराटिनं साधारण ५० ते ६५ किलोडाल्टनच्या आसपासची, म्हणजे जेलवर ती त्या उंचीला असायचं कारणच नाही, म्हणजे बहुतेक ती जेल चालून झाल्यावर वरून पडलीयेत. आता आठव, बँड कुठे कापलास, उघड्या बेंचवर पंखा चालू ठेवून? ब्लेड नवं होतं का? ग्लोव्ह्ज घातलेस ते ठीक, पण त्याच ग्लोव्ह्जनी कपाळावरचे केस मागे सारलेस का? (सगळेच सारतात.) पुढच्या वेळी त्याच जेलमधला बँड नसलेल्या जागेचा एक कोरा तुकडाही काप आणि त्याला अगदी सगळे तेच सोपस्कार करून शेजारच्या ट्यूबमध्ये पाठव. कोऱ्या तुकड्यात जे जे आलं ते ते तुझं नव्हे. हा कोरा तुकडा न पाठवता आलेला रिझल्ट मी तरी वाचत नाही, माझं मत कडक वाटेल पण त्याला इलाज नाही.

अजून दोन-तीन ठिकाणी घोळ होतो. तिसऱ्या खाडीतल्या, म्हणजे सँपल खारट, आणि मीठ राहिलं की पेप्टाइडवर प्रोटॉनच्या जागी सोडियम जाऊन बसतं, वजन २२ ने वाढतं, एका पीकचे (पीक म्हणजे मशीनच्या आलेखातला सुळका, एका वजनाचा एक) दोन-तीन होतात आणि सगळेच मरतुकडे होतात, तेव्हा सी-१८ च्या टिपमधून (पेप्टाइड धरून ठेवणारी आणि मीठ सोडून देणारी बारकी नळी) नेऊन मीठ धुवून काढल्याशिवाय पाठवायचंच नाही. ट्यूबा घासायच्या साबणाने धुतल्या असतील तर ४४-४४ च्या अंतराने पीकची शिडीच्या शिडी उभी राहते आणि तिच्याखाली तुझं प्रोटीन गुदमरतं. आणि सर्च लावताना बघ, ट्रिप्सिनच्या आधी आयोडोॲसिटामाइड घातलं असशील तर प्रत्येक सिस्टीनचं (हाही माळेतला एक मणी) वजन ५७.०२ ने वाढलेलं असतं, तो पर्याय टिक करायचा राहिला तर सिस्टीनवाले सगळे पेप्टाइड हातचे जातात. गंमत म्हणजे ग्लायसिन या मण्याचं वजनही बरोबर ५७.०२, त्यामुळे हाताने वाचताना इथे माणूस हमखास फसतो.

आता कालवाचं. रिझल्टमधलं नाव येतं कुठून ते आधी समजून घे. कॉम्प्युटरकडे ज्ञात प्रोटीन्सची यादी असते, तो त्यातल्या एकेका माळेला ट्रिप्सिनच्या नियमाने कागदोपत्री कापतो, तुकड्यांची वजनं काढतो आणि मशीनने दिलेल्या वजनांशी ताडून बघतो. ही युक्ती १९९३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी छापली, आणि दुसऱ्या वर्षी पेप्टाइड मशीनच्या आतच फोडून त्या बारीक तुकड्यांवरून शोधायची पद्धत आली, आज मुख्यतः तीच चालते. म्हणजे मशीन कितीही महागडं असो, नाव यादीतलंच येणार. स्विस-प्रोट नावाच्या तपासलेल्या यादीत साडेपाच लाखांवर नोंदी आहेत, पण त्यात बॅक्टेरिया, माणूस, उंदीर, यीस्ट यांचा भरणा. पॅसिफिक ऑयस्टरचा (म्हणजे परदेशी कालवाचा) जीनोम २०१२ मध्येच छापून आला, म्हणून त्याची प्रोटीन्स भरपूर आहेत. आपल्या खाडीतल्या तिसरीला कोण विचारतो! मग मशीन काय करणार, जवळचा नातेवाईक दाखवणार. वाडीत नवीन माणूस दिसला की म्हातारे म्हणतात ना, हा अमक्याच्या चेहऱ्यावर गेलाय, बस तेवढंच.

तेव्हा नुसता स्कोर बघून ‘माझं’ म्हणू नकोस, किती पेप्टाइड जुळलेत ते बघ. एकच असेल तर सोडून दे. दोन-तीन वेगवेगळे असतील तर त्यांचे स्पेक्ट्रम (मशीनने काढलेले वजनांचे आलेख) मागवून घे आणि स्वतः वाच, ते वाचायला मिरकरवाड्याच्या जेट्टीवर जाऊन एकदा वजनकाट्यापाशी उभी राहा, मी थट्टा करत नाहीये. पाटी काट्यावर आहे, त्यातला एक मासा काढला, वजन बघितलं, अजून एक काढला, परत बघितलं, तर दोन आकड्यांमधला फरक म्हणजे काढलेल्या माशाचं वजन, आणि वजनावरून कळतं की बांगडा होता की तारली. स्पेक्ट्रम तसाच वाचायचा. समजा पीक आहेत १७५.१२, २४६.१६, ३५९.२४ आणि ४१६.२६. पहिला १७५.१२ म्हणजे शेपटीला आर्जिनिन आहे, ट्रिप्सिनने कापलंय म्हटल्यावर ते अपेक्षितच. पुढचा फरक ७१.०४, ॲलनिन. मग ११३.०८, ल्युसिन. मग ५७.०२, ग्लायसिन. झाली चार अक्षरं वाचून, मात्र शेपटीकडून डोक्याकडे. फक्त ११३.०८ ला थांब, कारण ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही जुळी भावंडं, वजन शेवटच्या दशांशापर्यंत तेच, साध्या वजनावरून त्यांना वेगळं कुणीच करू शकत नाही, रिझल्टमध्ये जे छापून येतं ते यादीने सांगितलेलं असतं. तसंच ११४.०४ दिसलं तर ते ॲस्परॅजिन असेल किंवा शेजारीशेजारी बसलेली दोन ग्लायसिन.

आणि रिझल्टच्या पानावर कोपऱ्यात एफडीआर (खोट्या जुळण्यांचं प्रमाण) लिहिलेला असतो तो बघितलास का? यादीतल्या सगळ्या माळा उलट्या लिहून तीही यादी सोबत शोधायला देतात. उलट्या यादीत खरं काहीच सापडायला नको, तरी जे सापडतं त्यावरून सुलट्या यादीत किती खोटं जुळलं असेल याचा अंदाज येतो, आणि शंभरात एक इथपर्यंत चालवून घेतात. सगळं ठीक असेल तर प्रबंधात ‘ऑयस्टरमधल्या अमुक प्रोटीनशी मिळतंजुळतं’ असं लिही. हे प्रोटीन म्हणजे तेच, असं लिहू नकोस. गाईडना म्हणावं सँपल वाया गेलेलं नाही, कोरा तुकडा गेला नव्हता.

प्रश्न : जिमच्या प्रोटीन पावडरमध्ये खरंच प्रोटीन असतं का हे या मशीनवर कळेल?
(वाचक, चिपळूण)

कळेल. पण आधी हे ऐक. पावडरीतलं किंवा दुधातलं प्रोटीन मोजायची जुनी पद्धत म्हणजे त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ठरलेल्या आकड्याने, बहुतेक वेळा ६.२५ ने, गुणायचं. नायट्रोजन कुठून आला हे ती पद्धत विचारतच नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं ते याच फटीतून, मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन, त्यात प्रोटीन शून्य, तान्ही मुलं किडनीच्या आजाराने दगावली. मास स्पेकवर असली चलाखी चालत नाही कारण मेलामाइनचं वजन १२६ आणि दुधातल्या केसीनच्या पेप्टाइडची वजनं भलतीच. तुला मात्र लॅबचा खर्च डब्यापेक्षा जास्त पडेल. उकडलेली अंडी खा.

प्रश्न : माझ्या मुलाला, वय ९, कोलंबीची ॲलर्जी आहे, ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. विकतच्या चटणीत किंवा मसाल्यात सुकट, जवळा मिसळलेला आहे का हे तपासून मिळतं का? सासूबाई म्हणतात चांगलं उकळून घेतलं की काही होत नाही.
(वाचक, देवगड)

सासूबाईंचा अनुभव बाकी शंभर गोष्टींत खरा असेल, इथे नाही. कोलंबीतलं जे प्रोटीन सगळ्यात जास्त त्रास देतं त्याचं नाव ट्रोपोमायोसिन, ते उकळून मोडत नाही, वाळवून मोडत नाही, उलट उकळलेल्या पाण्यात उतरतं. सुकट आणि जवळा हेही कोलंबीच्याच गोतावळ्यातले, त्यांच्यात तेच प्रोटीन थोड्या फरकाने असतं, खेकडा आणि शेवंडातही असतं, म्हणून ‘कोलंबी नाही, नुसता जवळा आहे’ हे ऐकून घेऊ नका. बांगडा-सुरमईची गोष्ट वेगळी, माशातलं त्रासदायक प्रोटीन म्हणजे वर आलेलं पार्व्हाल्ब्युमिन, त्यामुळे कोलंबी बाधणाऱ्याला मासे बाधतीलच असं नाही, पण हे डॉक्टरांनी टेस्ट करून सांगायचं, मी इथून नाही.

तपासून मिळतं. त्यासाठी मशीन जरा वेगळ्या पद्धतीने चालवतात, सगळं शोधत न बसता त्याला आधीच सांगतात की ट्रोपोमायोसिनचे हे दोन-तीन पेप्टाइड, त्यांचं वजन इतकं आणि फोडल्यावर तुकडे इतके वजनाचे, बाकी कशाकडे बघू नकोस. बाजाराच्या गर्दीत आपलं पोर शोधताना आपण कसे फक्त त्याचा लाल शर्ट बघत फिरतो, तसं. अशाने मसाल्यासारख्या किचाट सँपलमध्येही फार थोडं प्रोटीन पकडता येतं.

पण ताई, ‘आढळलं नाही’ असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ एवढाच की त्या पाकिटातल्या त्या चमचाभर सँपलमध्ये, मशीनच्या पकडीत येईल इतकं नव्हतं. पुढचं पाकीट त्याच गिरणीत जवळ्याच्या चटणीमागून दळलं गेलं असेल तर? म्हणून दर वेळी लॅबच्या मागे लागण्यापेक्षा लेबल वाचा, पाकीटबंद मालावर कोलंबीवर्गीय आणि मासे या दोन्हीची नोंद वेगळी करणं आपल्याकडे २०२० च्या लेबलिंग नियमांनी सक्तीचं आहे. सुट्या मसाल्याला लेबलच नसतं, तो घरी करा, आणि जत्रेतलं तळण टाळा कारण कढईतलं तेल एकच असतं. गांधी उठण्याच्या पुढे जाऊन कधी श्वास लागला, आवाज बसला, पोर गळून गेलं तर घरगुती काही करत बसू नका, ताबडतोब दवाखाना, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं.

प्रश्न : नववीच्या मुलांना प्रोटीनचं वजन ‘करतात’ असं सांगितलं तर एकाने विचारलं, एवढ्या बारक्या वस्तूला काट्यावर ठेवतात कसं? मला नीट सांगता आलं नाही.
(शिक्षक, गुहागर)

पोरगं हुशार आहे सर. काट्यावर ठेवतच नाहीत, पळवतात. सगळ्यांना सारखाच विजेचा धक्का द्यायचा, वीसेक हजार व्होल्टचा, आणि हवा काढून टाकलेल्या मीटर-दोन मीटरच्या नळीतून सोडून द्यायचं. रिकामी होडी आणि मासळीने भरलेली होडी, दोघींना तेच मशीन लावलं तर रिकामी आधी किनाऱ्याला लागते, तसं हलकं पेप्टाइड आधी पोचतं आणि जड मागून. किती वेळ लागला, मायक्रोसेकंदात, त्यावरून वजन. मात्र धक्का बसायचा तर अंगावर चार्ज हवा, आणि एका तुकड्यावर दोन चार्ज बसले तर त्याचं वजन निम्मं असल्यासारखं दिसतं. ते ओळखायची खूण मुलांना आवडेल. कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक अणू एकाने जड असतो, त्यामुळे प्रत्येक पीकच्या शेजारी त्याची पिल्लं दिसतात, एक चार्ज असेल तर पिल्लू एका डाल्टनवर, दोन असतील तर अर्ध्यावर.

अणूंची वजनं अशी घ्यायला लागून शंभर वर्षं झाली, ॲस्टनना त्याबद्दल १९२२ चं नोबेल मिळालं. अडलं होतं ते प्रोटीनपाशी, कारण एवढी मोठी माळ हवेत उडवायची म्हणून तापवली की करपायची. त्याची गोष्ट वर्गात जरूर सांगा. जपानमध्ये क्योतोला शिमाझू कंपनीत कोइची तानाका नावाचा तरुण इंजिनिअर होता, शिकलेला इलेक्ट्रिकल, पीएचडी नाही. १९८५ मध्ये त्याच्याकडून कोबाल्टच्या बारीक पुडीत चुकून ग्लिसरीन पडलं. पूड महाग, फेकवेना, म्हणून त्याने तेच मिश्रण लेझरखाली ठेवलं, आणि मोठा रेणू न करपता उडाला. २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. (आज लॅबमध्ये जी पद्धत रोज चालते ती जर्मनीतल्या कारास आणि हिलनकांप यांच्या वाटेची जास्त आहे, त्यांना नोबेलमधून वगळलं ते मला अजून पटलेलं नाही.) त्याच वर्षी जॉन फेन यांनाही मिळालं, त्यांची युक्ती म्हणजे सुईच्या टोकाला हजारो व्होल्ट लावून प्रोटीनच्या पाण्याचा फवारा उडवायचा, थेंब वाळत जातो आणि शेवटी चार्ज प्रोटीनच्या अंगावर उरतो. आपल्या नोबेल भाषणाच्या नावात त्यांनी रेणूंना हत्ती म्हटलंय, आणि फवाऱ्याने त्यांना पंख फुटले असं.

लेझरच्या पद्धतीत प्रोटीनला ज्या पुडीत कालवतात ती दालचिनीतल्या सिनॅमिक ॲसिडच्या घराण्यातली, दुसऱ्या एका पुडीला, सिनॅपिनिक ॲसिडला, मोहरीवरून नाव पडलंय. म्हणजे फोडणीचं सामान आहेच. पूड लेझर शोषून घेते आणि उडताना प्रोटीनला अलगद सोबत नेते.

प्रश्न : आमची बाग कातळावर आहे, दर पावसाळ्याच्या तोंडाला फुरसं निघतं. मागच्या वर्षी गड्याला चावलं, वाचला. साप कुठला ते रक्तावरून या मशीनवर लगेच कळलं तर औषध पटकन देता येईल ना? आणि फुरशाच्या विषात असतं तरी काय?
(आंबा बागायतदार, राजापूर)

गडी वाचला हे वाचून बरं वाटलं. मशीनची वाट मात्र बघायची नाही. एक तर सँपल तयार करून रिझल्ट यायला तास नाही, दिवस जातात, दुसरं म्हणजे रक्तात प्रोटीनची एवढी गर्दी, एकटं अल्ब्युमिनच निम्म्याच्या वर, त्यात विषाचे कण म्हणजे अंगारकीला गणपतीपुळ्यात हरवलेली चप्पल. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, साप ओळखायची तेवढी गरजही नसते, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर मिळून एकच असते. दवाखान्यात कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाच्या जातीचं विष चढलंय असं समजतात. लाखांच्या मशीनपेक्षा ती नळी तिथे कामाची. चापडा (हाही एक विषारी साप) चावला असेल तर मात्र डॉक्टरांना तसं सांगा, ही लस त्याच्यासाठी बनलेली नाही.

विषात काय काय असतं याचा बराचसा हिशोब लागला तो मात्र याच मशीनवर. वाळवलेल्या विषात ९० टक्क्यांच्या वर प्रोटीनच. ते ट्रिप्सिनने कापून वजनं घेऊन यादीशी जुळवलं की एकेक नाव बाहेर येतं, फुरशात धातूच्या अणूवर चालणारी मेटॅलोप्रोटिनेज म्हणून एन्झाइम भरपूर असतात, रक्तवाहिन्यांची भिंत झिजवणारी. त्यातलं एकारिन रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला (रक्त गोठवायच्या कामातलं, एरवी झोपलेलं प्रोटीन) विनाकारण जागं करतं, मग अंगभर बारीक गुठळ्या धरून गोठायचं सगळं सामान संपतं आणि शेवटी रक्त गोठतच नाही, हिरड्यांतून येतं, लघवीतून येतं. तुमच्या गड्याला आलं असेल.

आणि इथेही यादीचंच दुखणं. लस करायला घोड्यांना जे विष टोचतात ते बरंचसं तामिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, म्हणजे तिकडच्या सापांचं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी आणि इतरांनीही याच पद्धतीने दाखवलंय, त्यामुळे काही भागात लस जास्त द्यावी लागते, आणि ठिकठिकाणच्या विषावर लस करावी अशी मागणी आहे. मला ती रास्त वाटते.

आणि हो, पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की मारलेलं फुरसं बरणीत घालून पाठवू का. नको. पार्सल घेऊन येणारा पोस्टमन म्हातारा आहे आणि तो बरण्या हलवून बघतो.